व्होल्टेज आणि वायंडिंग

प्रस्तावना

आमच्या वडिलांचं कराडला शेतपंपाच्या मोटारी भरून देण्याचं दुकान होतं. उन्हाळ्यात विहिरी तळाला गेल्या आणि व्होल्टेज पडायला लागलं, की दुकानापुढे जळालेल्या मोटारींची रांग लागायची. अण्णा मोटार उघडायचे, नाकाजवळ न्यायचे आणि नुसत्या वासावरून सांगायचे, ‘वार्निश गेलंय.’ आतली तांब्याची तार धड दिसायची, पण तिच्यावरचा पातळ थर करपलेला असायचा. वेढ्याला वेढा भिडला की मोटार बसली. माझी थोरली बहीण, आक्का, शाळेत असल्यापासून अण्णांच्या हाताखाली वेढे मोजायला बसायची. तिचा आकडा कधी चुकला नाही.

पुढे तिच्याच मेंदूत आणि मज्जारज्जूत तारेवरचा थर करपण्याचा हाच प्रकार घडला. मज्जातंतूंवर मायलिन नावाचं स्निग्ध आवरण असतं. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, या आजारात शरीराची स्वतःचीच रोगप्रतिकारशक्ती त्या आवरणावर उठते. आवरण गेलं की संदेश अडखळतात. बरीच वर्षं आवरणाशिवाय काढली की आतली तारही तुटते. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात जाँ-मार्तां शार्कोने १८६८ साली या आजाराचं पहिलं नीट वर्णन केलं, तेव्हा त्याला मेंदूत जागोजागी घट्ट चट्टे दिसले होते. स्क्लेरोसिस म्हणजे तो घट्टपणा आणि मल्टिपल म्हणजे ते जागोजागी असणं.

१९९६ साली, सव्विसाव्या वर्षी, आक्काच्या उजव्या डोळ्यापुढे धूर आला. तीन आठवड्यांत तो विरला आणि आम्ही विसरून गेलो. दोन वर्षांनी कराडच्या एसटी स्टँडवर ती गाडीत चढली आणि डाव्या पायातली चप्पल खाली राहिली. चप्पल सुटल्याचं तिला कळलंच नाही. मागच्या बाईने हाक मारून चप्पल वर दिली. आक्का जागेवर बसून त्या पायाकडे बघत राहिली, मी शेजारी होते. १९९९ मध्ये पुण्यात एमआरआय झाला तेव्हा आजाराचं नाव कळलं. त्या चपलेविषयी मी नंतर कितीतरी एमएस रुग्णांना विचारलं. प्रत्येकाची अशी एक चप्पल असते.

हे पुस्तक मी एका प्रश्नासाठी लिहिलं. वाढत जाणारा एमएस, ज्याला डॉक्टर प्रोग्रेसिव्ह म्हणतात, तो स्टेम सेल प्रत्यारोपणाने थांबतो का? आक्काने हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला त्याला आता बरीच वर्षं झाली. उत्तर शेवटच्या पानापर्यंत राखून ठेवण्यात अर्थ नाही, कारण हे पुस्तक हातात घेणारा माणूस बहुधा घाईत असेल. काही जणांचा थांबतो. बहुतेकांचा थांबत नाही. आणि कुणाचा थांबू शकेल, हे बऱ्याच अंशी ज्या एका गोष्टीवरून ठरतं, ती आपण वेळेत विचारत नाही. पुढची पानं आहेत ती या एका गोष्टीसाठी.

आधी आजाराच्या दोन चाली समजून घ्यायला हव्यात. शंभरातल्या साधारण पंचाऐंशी रुग्णांत एमएस झटक्यांनी सुरू होतो. इथे झटका म्हणजे फिट नव्हे. एखादं लक्षण अचानक येतं, काही दिवस किंवा आठवडे राहतं आणि बऱ्यापैकी ओसरतं. त्या वेळी मेंदूत किंवा मज्जारज्जूत एखाद्या जागी दाह पेटलेला असतो. शिरेतून डाय देऊन एमआरआय काढला तर तो ताजा डाग चमकतो, कारण रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा त्या जागी फाटलेला असतो आणि डाय तिथून आत झिरपतो. पुढे काही वर्षांनी यातल्या पुष्कळ जणांचे झटके कमी होत होत थांबतात. पण चालणं मात्र महिन्या-महिन्याने, कुणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने, घसरत जातं. ही सेकंडरी प्रोग्रेसिव्ह अवस्था. उरलेल्या दहा-पंधरा टक्के रुग्णांत झटके येतच नाहीत, पहिल्या दिवसापासून हळूहळू घसरणच असते. त्यांचा एमएस प्रायमरी प्रोग्रेसिव्ह.

आक्काला २००८ नंतर झटका आला नाही. आमच्या घरात त्याचा आनंद झाला. आईने पालीला खंडोबाला जाऊन नवस फेडला. दरवर्षी सलाईनमधून स्टेरॉईड घ्यायला पुण्याला जाणं बंद झालं आणि आम्ही समजलो, आजार दमला. पुढच्या दोन वर्षांत आक्काच्या हातात काठी आली. काठी दिसत होती, तरी आम्ही झटक्यांच्याच गणतीत होतो. आजार आता वेगळ्या वाटेने चालला आहे, हे समजावून सांगणारं मराठीत तेव्हा काही वाचायला मिळालं असतं, तर आम्ही त्या वर्षांत वेगळे प्रश्न विचारले असते. हे पुस्तक मराठीत असावं असा माझा आग्रह तेवढ्यासाठी.

आता ‘स्टेम सेल’ या शब्दाकडे वळते. निम्मा घोटाळा या शब्दातच आहे. मराठीत आपण मूळपेशी म्हणतो. एमएसच्या संदर्भात या एकाच नावाखाली तीन अगदी निरनिराळे उपचार वावरतात. पहिल्यात रुग्णाच्याच रक्तातल्या मूळपेशी काढून ठेवतात, भारी केमोथेरपीने त्याची रोगप्रतिकार यंत्रणा जवळजवळ पुसून टाकतात आणि मग त्या पेशी परत देतात. दुसऱ्यात अस्थिमज्जेतून किंवा चरबीतून काढलेल्या मेसेंकायमल पेशी वाढवून शिरेतून किंवा पाठीच्या कण्यातून टोचतात. तिसऱ्यात मज्जासंस्थेच्याच मूळपेशी थेट मेंदूत किंवा मेंदूभोवतीच्या पाण्यात सोडतात. पहिल्याच्या मागे तीस वर्षांचा अनुभव आहे. दुसरा बाजारात भरपूर विकला जातो आणि पुराव्यात तोकडा पडतो. तिसरा अजून मोजक्या रुग्णांवरच्या चाचण्यांच्या पायरीवर आहे. वर्तमानपत्रात ‘स्टेम सेलने एमएस बरा’ असं छापून येतं तेव्हा ते पहिल्याविषयी असतं, आणि फोनवरचा एजंट त्याच बातमीच्या जोरावर दुसरा विकतो.

पहिल्या उपचाराचा जन्म ग्रीसमधल्या थेस्सालोनिकी शहरात झाला, आणि तो झाला वाढत जाणाऱ्या एमएससाठीच. तिथल्या पापानिकोलाउ रुग्णालयात अथानासिओस फासास हे रक्तविकारतज्ज्ञ होते. त्यांनी १९९५ पासून प्रोग्रेसिव्ह एमएसच्या रुग्णांवर हा प्रयोग सुरू केला आणि १९९७ मध्ये पहिल्या १५ जणांचे अनुभव प्रसिद्ध केले. रक्ताच्या कर्करोगासाठी वापरायची केमो एमएसला वापरायची ही कल्पना त्या वेळी धाडसाची होती. तिच्यामागे उंदीर-घुशींवरचे प्रयोग होते आणि सरळ तर्क होता: चूक जर प्रतिकारशक्तीच्या स्मरणात असेल, तर ते स्मरण पुसून पाटी कोरी करावी.

हे प्रत्यक्षात कसं होतं, ते बघायला मी एका ट्रान्सप्लांट युनिटमध्ये काही दिवस जाऊन बसले. लोकांच्या मनात शस्त्रक्रियेचं चित्र असतं, पण इथे सुरी कुठेच नाही. आधी सायक्लोफॉस्फामाइड नावाचं औषध आणि मग रोज पोटाच्या कातडीखाली एक इंजेक्शन. त्याने अस्थिमज्जेतल्या मूळपेशी रक्तात उतरतात. मग रक्तदानात प्लेटलेट काढतात तशा यंत्रावर रुग्णाला तीन-चार तास बसवतात. रक्त एका नळीतून यंत्रात जातं, हव्या त्या पेशी बाजूला पडतात आणि बाकीचं रक्त परत येतं. वजनाच्या दर किलोमागे निदान वीस लाख मूळपेशी लागतात. त्या पिशवीत भरून, द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांना गोठवून ठेवतात. काही आठवड्यांनी खरी केमो सुरू होते. तिच्या जोडीला सशाच्या रक्तापासून तयार केलेलं, प्रतिकारशक्तीतल्या टी पेशींना वेचून मारणारं औषध देतात. पांढऱ्या पेशींचा काउंट उतरत उतरत शून्याशी येतो.

आणि मग तो दिवस, ज्याला युनिटमध्ये ‘डे झीरो’ म्हणतात. नर्सने गोठलेली पिशवी कोमट पाण्यात धरली. आत बर्फाचा फिकट गुलाबी तुकडा होता, दोन-तीन मिनिटांत त्याचं टोमॅटोच्या सारासारखं पाणी झालं. पिशवी टांगली, नळी सोडली. पंधरा मिनिटांत सगळं संपलं. खोलीभर उकडलेल्या मक्याचा आणि लसणाचा मिळून येतो तसा वास पसरला. पेशी गोठताना फुटू नयेत म्हणून डायमिथाइल सल्फॉक्साइड नावाचं रसायन घालतात, ते रुग्णाच्या श्वासातून बाहेर पडतं, त्याचा तो वास. रुग्ण तिशीतला मुलगा होता. त्याची आई काचेपलीकडे हात जोडून उभी होती आणि तिला वाटत होतं, मोठं काहीतरी आता होईल. मोठं ते होऊन गेलेलं असतं. औषध म्हणजे ती केमो. पिशवीतल्या पेशी आहेत त्या केमोनंतर माणूस जगावा म्हणून. साधारण दहा-बारा दिवसांत त्या अस्थिमज्जेत रुजतात आणि काउंट वर येऊ लागतो. तोवर ताप, तोंडातले फोड, रक्ताच्या बाटल्या. केस जातात. बऱ्याच स्त्रियांची पाळी कायमची थांबते, पुरुषांचंही बीज जातं. त्यामुळे मूल हवं असेल तर त्याची तजवीज आधी करावी लागते. लहानपणी घेतलेल्या लसी पुन्हा घ्याव्या लागतात, कारण शरीर त्याही विसरलेलं असतं.

म्हणजे या उपचारात मूळपेशी मेंदूत जाऊन नवे मज्जातंतू तयार करत नाहीत. मायलिनही घालत नाहीत. ज्या पेशी परत जातात त्या रक्ताच्या, आणि त्यांच्यातून रक्तच तयार होतं. मी हे वाक्य पुस्तकात चार ठिकाणी लिहिलं आहे. संपादकांनी दोनदा काढलं, मी दोन्ही वेळा परत घातलं. ‘प्रत्यारोपण’ म्हटलं की आपल्याला किडनी आठवते: खराब गेली, चांगली आली. इथे तसं काही होत नाही. जो दाह चालू आहे तो विझवणं, एवढंच हे औषध करतं. ते फार मोठं आहे, पण तेवढंच आहे.

झटक्यांच्या एमएसमध्ये ते किती मोठं आहे ते २०१९ साली शिकागोच्या रिचर्ड बर्ट यांच्या चाचणीने दाखवलं. शिकागो, शेफिल्ड, उप्साला आणि साओ पाउलो इथले मिळून ११० रुग्ण होते, औषधं घेऊनही झटके येत असलेले. निम्म्यांना प्रत्यारोपण, निम्म्यांना चालू औषधांपैकी एखादं. पुढच्या काळात औषधवाल्यांपैकी ३४ जणांचं अपंगत्व वाढलं, प्रत्यारोपणवाल्यांपैकी तिघांचं. मृत्यू एकही नाही. असे आकडे वैद्यकात रोज बघायला मिळत नाहीत. पण त्या चाचणीत प्रोग्रेसिव्ह रुग्ण घेतलेच नव्हते. का घेतले नव्हते, याचं कारण बर्ट यांच्याच आधीच्या कामात सापडतं. २००३ मध्ये त्यांनी वाढत्या एमएसच्या २१ रुग्णांचा अनुभव लिहिला होता आणि अपयश हा शब्द लेखाच्या मथळ्यातच घातला होता. चालण्यासाठी काठीपलीकडचा आधार लागणाऱ्यांचं अपंगत्व जबर उपचारानंतरही वाढत गेलं होतं. स्वतःचं अपयश असं मथळ्यात लिहिणाऱ्या संशोधकाविषयी मला आदर वाटतो. तो लेख कुणी वाचला असता तर पुढे कितीतरी घरांतले पैसे वाचले असते.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते कॅनडातल्या ओटावाच्या अभ्यासाने. हॅरोल्ड अॅटकिन्स आणि मार्क फ्रीडमन यांनी २४ रुग्णांना अतिशय जहाल केमो दिली, इतकी की एक जण यकृत निकामी होऊन गेला. २०१६ मध्ये निकाल छापून आले. उरलेल्या तेवीस जणांना प्रत्यारोपणानंतर एकही झटका नाही. तीनशेच्या वर एमआरआय काढले, त्यांत एकही नवा डाग नाही. दाहाचा अगदी मागमूस पुसला गेला होता. तरीही तीन वर्षांच्या शेवटी शंभरातले सत्तरच घसरणीवाचून राहिले होते. म्हणजे दाह पूर्ण थांबूनही बाकीच्यांचं अपंगत्व वाढलं. मग त्यांच्यात काय चालू होतं?

याचं एक कठोर उत्तर २००७ साली जर्मनीतल्या इम्के मेट्झ आणि सहकाऱ्यांनी दिलं होतं. प्रत्यारोपणानंतर मरण पावलेल्या पाच एमएस रुग्णांचे मेंदू त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. बाहेरून येणाऱ्या टी पेशी खरोखरच फार कमी झाल्या होत्या. पण मेंदूतल्या स्वतःच्या रखवालदार पेशी, मायक्रोग्लिया, जाग्याच होत्या आणि आवरणाची व तंतूंची झीज चालूच होती. आजार जुना होतो तसा तो रक्तातून मेंदूत मुक्कामाला येतो आणि मागे पडदा बंद करून घेतो. मग रक्तातली पाटी कितीही कोरी केली तरी आतल्या मुक्कामाला धक्का लागत नाही. शिवाय वर्षानुवर्षं उघडी पडलेली तार दाहाशिवायही आपली आपण झिजते. या दोन गोष्टींवर आजची केमो चालत नाही.

असं असेल तर प्रोग्रेसिव्ह रुग्णांसाठी दार बंदच का? नाही, आणि इथेच ती एक गोष्ट येते. फासास यांच्या गटाने २०११ मध्ये आपल्या ३५ रुग्णांचा दीर्घ हिशोब मांडला, सरासरी अकरा वर्षांचा. प्रत्यारोपणाआधीच्या एमआरआयमध्ये ज्यांचे डाग डायने चमकत होते, त्यांच्यातले ४४ टक्के पंधरा वर्षांनंतरही घसरणीवाचून होते. ज्यांचे चमकत नव्हते, त्यांच्यात १० टक्के. रुग्ण थोडे आहेत, खरं आहे. पण आजार तोच, रुग्णालय तेच, उपचार तोच, आणि फरक चौपटीहून जास्त. पावलो मुरारो यांनी २०१७ मध्ये तेरा देशांतल्या २५ केंद्रांमधून १९९५ ते २००६ या काळातले २८१ रुग्ण एकत्र केले, त्यांतले ७८ टक्के प्रोग्रेसिव्ह होते. पाच वर्षं घसरण न झालेले एकूण ४६ टक्के निघाले. कमी वय, झटक्यांचा प्रकार आणि कमी अपंगत्व असलेल्यांत निकाल चांगले होते. त्याच २८१ मध्ये पहिल्या शंभर दिवसांत आठ जण दगावले होते. आज अनुभवी केंद्रांत ते प्रमाण शंभरात एकाच्याही खाली आलं आहे, पण शून्य झालेलं नाही.

वयाचा मुद्दा जरा उलगडून सांगते, कारण तो ऐकून माणसं दुखावतात. केमोनंतर नव्या टी पेशी घडतात त्या छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत. तरुणपणी ही ग्रंथी कामाची असते, वयाबरोबर तिची चरबी होत जाते. म्हणून पन्नाशीनंतर पाटी पुसली जाते पण नवी अक्षरं नीट उमटत नाहीत, आणि संसर्गाची भीती वाढते. कुणाला वयावरून नाकारतात तेव्हा त्याच्या जगण्याची किंमत कमी धरलेली नसते.

युरोपातल्या प्रत्यारोपण तज्ज्ञांच्या संघटनेचा सल्लाही याच वळणावर येतो. दाह जोरात असलेल्या झटक्यांच्या एमएसला जोरदार शिफारस. प्रोग्रेसिव्ह असेल तर तरुण, आजार जुना न झालेला आणि एमआरआयमध्ये दाहाचा ताजा पुरावा असलेला रुग्ण असेल तरच विचार. सध्या ब्रिटन, अमेरिका, नॉर्वे इथे ज्या मोठ्या चाचण्या चालू आहेत, त्याही आजच्या सर्वांत प्रभावी औषधांशी तुलना करणाऱ्या, झटक्यांच्या एमएससाठीच आहेत. औषधांच्या बाजूलाही मधल्या काळात हालचाल झाली. प्रायमरी प्रोग्रेसिव्ह एमएसला अमेरिकेत पहिलं मान्यताप्राप्त औषध, ओक्रेलिझुमॅब, २०१७ मध्ये मिळालं. तेही घसरण मंद करतं, थांबवत नाही.

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारच्या पेशींबद्दल पुस्तकात दोन प्रकरणं आहेत, इथे थोडक्यात. मेसेंकायमल पेशींची १४४ रुग्णांवरची आंतरराष्ट्रीय चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. पेशी सुरक्षित होत्या, पण नव्या डागांवर त्यांचा परिणाम दिसला नाही. जेरुसलेमच्या हदासा रुग्णालयातल्या ४८ प्रोग्रेसिव्ह रुग्णांवरच्या चाचणीने त्याआधी आशा दाखवली होती. न्यूयॉर्कमधल्या नंतरच्या एका चाचणीला मुख्य उद्दिष्ट गाठता आलं नाही. मज्जासंस्थेच्या मूळपेशींच्या दोन छोट्या चाचण्या इटलीतून २०२३ मध्ये आल्या. एकीत १२ रुग्ण, दुसरीत १५. पेशी सोडणं सुरक्षित दिसलं, एवढंच त्या सांगतात. मला स्वतःला खरी वाट याच दिशेने वाटते, कारण तार आणि आवरण दुरुस्त करण्याची भाषा फक्त इथेच आहे. पण ती वाट आज कुणी पैसे घेऊन दाखवत असेल, तर तो खोटं बोलतो आहे.

हे मी इतक्या ठामपणे लिहिते, कारण आम्ही ते पैसे दिले आहेत. २०१२ साली एका मोठ्या शहरातल्या क्लिनिकने आक्काच्या कंबरेतून मज्जा काढली आणि पेशी म्हणून काहीतरी पाठीच्या कण्यात चार वेळा टोचलं. लाखांत पैसे गेले. दाजींनी दुकानाचा गाळा गहाण टाकला. पहिल्या इंजेक्शननंतर आठवडाभर आक्काचे पाय हलके वाटले. तिथल्या माणसाने मोबाईलवर तिची चालतानाची चित्रफीत काढून घेतली. दुसऱ्या आठवड्यात पाय पहिल्यासारखे झाले, आणि चित्रफीत काढायला कुणी आलं नाही. तिथे कुणीही आम्हाला शेवटच्या एमआरआयबद्दल एक प्रश्न विचारला नव्हता.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं याबाबत स्पष्ट आहेत. रक्ताच्या मूळपेशींचं प्रत्यारोपण, तेही ठरलेल्या आजारांसाठी, सोडलं तर मूळपेशींचा माणसांवरचा बाकी सगळा वापर संशोधन धरला जातो. संशोधन म्हटलं की मंजुरी, नोंदणी, नैतिक समिती हे सगळं आलं, आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत. घरोघरी सांगण्यासारखं एवढंच आहे: चाचणी म्हणतात आणि पावती फाडतात, तर ती चाचणी नव्हे.

एमएस हा थंड देशांतल्या गोऱ्या लोकांचा आजार, असं आपल्याकडे बराच काळ मानलं गेलं. मुंबईचे डॉ. नोशीर वाडिया आणि त्यांचे सहकारी यांनी १९९० मध्ये भारतातल्या पारशी समाजात तो लक्षणीय प्रमाणात असल्याचं दाखवलं. मंगळूरच्या पाहणीत लाखामागे आठच्या आसपास रुग्ण आढळले. प्रमाण युरोपपेक्षा खूपच कमी, पण आपली लोकसंख्या बघता माणसं थोडी नाहीत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचं नाव स्वतंत्रपणे आहे. त्या प्रमाणपत्रासाठी काय करावं लागतं, ते परिशिष्टात दिलं आहे. आक्काला ते मिळवायला अकरा फेऱ्या पडल्या. तुम्हाला कमी पडाव्यात.

२०१६ च्या सुरुवातीला बीबीसीने शेफिल्डच्या रुग्णांवर एक कार्यक्रम दाखवला. खुर्चीतून उठून चालणारी माणसं जगभर लोकांनी पाहिली. भाच्याने तो आक्काला लॅपटॉपवर दाखवला. ती काही बोलली नाही. रात्री मात्र तिने मला विचारलं, ‘मला घालतील का गं त्या पेशी?’ मी तिचे सगळे एमआरआय घेऊन आमच्या न्यूरॉलॉजिस्टकडे गेले. त्यांनी २००९ पासूनच्या फिल्म एकेक करून प्रकाशावर लावल्या. सात वर्षांत एकही डाग चमकलेला नव्हता. आक्का तेव्हा अपंगत्वाच्या मोजपट्टीवर साडेसहावर होती. शून्य ते दहाची ही पट्टी जॉन कर्ट्झके यांनी बनवली. सहाला एक काठी, साडेसहाला दोन्ही बाजूंनी आधार, सातला व्हीलचेअर. डॉक्टर म्हणाले, ‘विझवायला आत काही पेटलेलं दिसत नाही. केमोचा त्रास मात्र पूर्ण होईल.’

घरी येऊन मी आक्काला सगळं सांगितलं. टी पेशी, पडदा, थायमस, सगळं. ती ऐकून घेऊन म्हणाली, ‘म्हणजे ते व्होल्टेज नीट करून देणार. वायंडिंग भरून नाही देणार.’ मी दहा वर्षं वाचून जे लिहायचा प्रयत्न करत होते ते तिने अण्णांच्या दुकानातल्या दोन शब्दांत सांगितलं. पुस्तकाचं नाव तिचं आहे.

तिने हस्तलिखित पूर्ण वाचलं. आता तिची दृष्टी लवकर थकते, म्हणून दिवसाला चार पानं. जिथे समजलं नाही तिथे समासात शिसपेन्सिलीने फुली. पहिल्या खर्ड्यात शंभरावर फुल्या होत्या. त्या एकेक पुसल्या गेल्या, तेव्हाच पुस्तक छापायला दिलं. शास्त्रीय तपशील दोन न्यूरॉलॉजिस्ट आणि एका रक्तविकारतज्ज्ञांनी तपासून दिले. चुका राहिल्या असतील तर त्या माझ्या.

वाचकांना एकच सांगायचं आहे. घरात एमएसचं निदान नुकतंच झालं असेल, झटके येत असतील, तर चौथं प्रकरण आज वाचा. प्रत्यारोपण असो किंवा जोरदार औषध, त्याचा विचार करण्याची वर्षं हीच आहेत. झटके थांबले असतील पण चालणं घसरत असेल, तर पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना जुन्या-नव्या सगळ्या फिल्म बरोबर न्या आणि विचारा: शेवटचा डाग डायने कधी चमकला होता? उत्तर तारखेसकट लिहून घ्या. कुठल्याही क्लिनिकला फोन करण्याआधी हा कागद तुमच्या हातात असू द्या.